फळ्यावरून पुसलेला गेल

मी गेल बोलतोय. इंग्रजीतला वाऱ्याचा एक शब्द. आत्ता मी बंदर कचेरीतल्या एका बाईंच्या ओठांवर आहे आणि मला भीती वाटतेय.

माझा जन्म कुठला, हे कोशकारांनाही नक्की सांगता येत नाही. उत्तरेकडच्या कुठल्याशा भाषेतल्या 'पिसाट' अशा अर्थाच्या शब्दापासून मी आलो असेन, हा त्यांचा अंदाज. पुढे कवींनी मला इतकं गोंजारलं, की त्यांच्या ओळींत मी चक्क मंद झुळूक झालो! खलाशांनी मला ताळ्यावर आणलं. वाऱ्याच्या तक्त्यात मला आठवी पायरी मिळाली, चौतीस ते चाळीस नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. ब्रीझ म्हणजे माझ्याहून सौम्य वारा, त्याची मजल सहाव्या पायरीपर्यंतच. तेव्हापासून माझं एकच काम. माणसांना वेळेवर घाबरवणं.

आज सकाळी आठला वारा छत्तीस नॉट होता. हवामान नोंदवणाऱ्या बाईंनी मला धक्क्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. तेवढ्यात साहेब आले. नव्या लाँचची पहिली फेरी होती, चाळीस पाहुणे आत बसलेले.

"हे काय अभद्र लिहिलंय? पुसा. ब्रीझ लिहा."

"साहेब, छत्तीस आहे."

"मग स्ट्राँग ब्रीझ लिहा! शब्दच तर आहे."

शब्दच तर आहे! बाईंनी खाली मान घालून ओलं फडकं फिरवलं आणि माझ्या जागी स्ट्राँग ब्रीझ लिहिलं.

लाँच चालवतात बाईंचे धाकटे दीर. त्यांनी फळा वाचला आणि दोर सोडला. साहेब धक्क्यावर हात हलवत राहिले. बाई धावत वर कचेरीत आल्या, वायरलेस उचलला.

"भाऊजी, मागे फिरा. गेल आहे."

"फळ्यावर तर ब्रीझ आहे, वहिनी! दादाचा राग माझ्यावर काढताय होय?"

"थट्टा नको. आता एकोणचाळीस झालाय. मीच पुसलं, साहेबांनी पुसायला लावलं. गेल आहे, गेल!"

नुसती खरखर. मग, "फिरवतो."

पण वळताना लाँच लाटांना आडवी येते, आणि आडवी लाँच उलटू शकते. बाई खिडकीशी उभ्या राहून मलाच पुटपुटताहेत. जिन्यावर साहेबांचे बूट वाजताहेत.

काही बरंवाईट झालं, तर चौकशीत मलाच उभं करतील. 'अचानक आलेल्या गेलमुळे' असं अहवालात लिहून मोकळे होतील. तेव्हा एवढं तरी छापा. मी अचानक आलो नव्हतो. आठ वाजता मी फळ्यावर होतो.