बंदरावरून घेतलेली गाडी

जहाज चेन्नईच्या बंदराला लागले, प्रवासी आपापल्या पेट्या ओढत उतरू लागले, तरी विठोजी मोहिते कठड्याशी उभे राहून पाण्याकडे पाहत होते. समुद्राने त्यांना एक सुख दिले होते आणि ते त्यांनी कोणापाशी बोलून दाखवले नव्हते. समुद्रावर बाजूने काही येत नाही. जे असते ते समोर असते, दूर असते, आणि जवळ येण्याआधी पुरेसा अवधी देते. जहाजाच्या अरुंद मार्गिकांतही डाव्या हाताला भिंत असे, आणि भिंत जागची हलत नसे. जमिनीवर असा भरवसा आता उरलेला नव्हता.

बेंगळूरूत घराजवळच्या, मल्लेश्वरमच्या नेत्रवैद्यांनी उन्हाळ्यातच सांगितले होते: काचबिंदूने डाव्या डोळ्याची कडेची दृष्टी नेली आहे, उजव्या डोळ्याचीही नाकाकडची बाजू त्याच वाटेवर आहे, समोरचे दिसते म्हणून फसू नका, गाडी चालवणे बंद करा. विठोजी निमूट ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली आणि विचारले, की ज्याला एवढी बारीक अक्षरे दिसतात त्याला लॉरी दिसणार नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते? वैद्यांनी शांतपणे उत्तर दिले, की लॉरी दिसेल. लॉरीच्या कडेने निघालेला माणूस दिसणार नाही. हा युक्तिवाद विठोजींना खोडता आला नाही. म्हणून त्यांनी तो घरी नेलाच नाही.

अपघातग्रस्त वाहनांची पाहणी करून विमा कंपन्यांना अहवाल देणे हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. चेपलेल्या पत्र्यावरून ते वेग सांगत, काचेच्या तड्यावरून दिशा सांगत, आणि चालकाच्या जबानीवर मुळीच विश्वास ठेवत नसत. ‘साहेब, तो अचानक आला,’ हे वाक्य त्यांनी इतक्या तोंडांतून ऐकले होते, की ते उच्चारणारा माणूस खोटेच बोलत आहे असे ते गृहीत धरून चालत. अचानक कोणी येत नाही, असे ते म्हणत. येणारा येतच असतो, पाहणाऱ्याने पाहिलेले नसते.

समुद्रपर्यटनाची ही भेट त्यांच्या मुलाने, यशोवर्धनने, दिली होती. तो बेंगळूरूतच बेळ्ळंदूरला एका मोठ्या कचेरीत होता आणि आईवडिलांना वेळ देता येत नाही याची भरपाई अशा भेटींनी करत असे. परतीसाठी त्याने बंदरावरच भाड्याची गाडी ठरवून ठेवली होती, तीही चालकाशिवाय. कारण वडिलांना, त्याच्या अण्णांना, गाडी चालवायला किती आवडते हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. ती बेळ्ळंदूरला गाडीवाल्यांच्या आवारात परत करायची होती. विठोजींनी नाही म्हटले असते, तर कारण द्यावे लागले असते. उन्हाळ्यापासून त्यांनी घरची गाडी बाहेर काढली नव्हती आणि त्यासाठी मेट्रोचे काम, रस्त्यांचे खड्डे, पेट्रोलचा भाव अशी नाना कारणे पुढे केली होती. चेन्नईहून बेंगळूरूला जाणाऱ्या सरळ, रुंद महामार्गाविरुद्ध त्यांतले एकही चालेना.

बंदराच्या फाटकाबाहेर पांढरी गाडी घेऊन एक तरुण उभा होता. विठोजींनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि प्रत्येक ओरखड्यापाशी थांबले. मागच्या दाराखालचा खळगा तरुणाच्या छायाचित्रांत आलेला नव्हता. तो पुन्हा घ्यायला लावला. तरुणाचे म्हणणे होते, की एवढ्या किरकोळ गोष्टी कोणी पाहत नाही. विठोजींचे म्हणणे होते, की जगातले सगळे तंटे कोणी न पाहिलेल्या गोष्टींवरूनच होतात. इंग्रजीत चाललेला हा वाद पेट्यांवर बसून ऐकताना मालनबाईंना हसू आले. जहाजावर नवरा गप्प गप्प असे. त्याला भांडताना पाहून त्यांच्या जिवात जीव आला.

पेट्या ठेवून झाल्यावर त्या नेहमीप्रमाणे मागचे दार उघडू लागल्या. मोहित्यांच्या घरात बायका गाडीत मागे बसत. हा नियम कोणी केला नव्हता, म्हणूनच तो कोणी मोडलाही नव्हता.

“पुढे बैस,” विठोजी म्हणाले.

मालनबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर सारखा केला, वाऱ्याने विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला आणि नव्या घरात पाऊल टाकावे तशा पुढच्या आसनावर बसल्या.

“आत्ताच सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या, “वाटेत एक शब्द बोलणार नाही मी. तुम्ही निवांत चालवा.”

“बोललीस तरी चालेल.”

“तुमचं ‘चालेल’ मला ठाऊक आहे.”

या थट्टेला इतिहास होता. गाडीत बसले की मालनबाई रस्ता वाचू लागत: ती बस वळतेय, तो पोरगा धावतोय, स्वल्प हळू घ्या. विठोजींना हे असह्य होई. गाडी मी चालवतो की तू, असे ते विचारत. एकदा म्हैसूरच्या वाटेवर त्यांनी गाडी कडेला उभी केली होती, आणि तू गप्प होईपर्यंत चाक हलणार नाही, असे सांगून खरोखरच वर्तमानपत्र उघडले होते. मालनबाई ही गोष्ट लग्नकार्यांत रंगवून सांगत आणि सगळे हसत. आज त्यांना पुढे बसवण्यामागे विठोजींचा सारा भरवसा त्या जुन्या सवयीवर होता. बायको बोलेल, डावीकडचे सगळे सांगेल, आणि ते तिच्या शब्दांवर गाडी नेतील. पण बोल, असे स्पष्ट सांगायचे तर मागाहून ‘का’ आले असते.

महामार्गाने त्यांना दगा दिला नाही. विठोजींनी उजवी मार्गिका धरली आणि वेग बेताचा ठेवला. मागून भोंगे वाजले, त्यांची पर्वा केली नाही. दर थोड्या वेळाने ते मान पूर्ण डावीकडे वळवत. मालनबाईंना वाटे, ते आपल्याकडे पाहत आहेत. प्रत्येक वेळी त्या किंचित हसत आणि पुन्हा समोर पाहत. वेल्लोरच्या पुढे त्यांनी एकदाच तोंड उघडले, तेही विचारायला, की आणलेले चिवड्याचे पाकीट फोडू का.

होसूरला त्यांनी नारळ घेतला. मोहित्यांचे मूळ घर आनेकलचे. समुद्र ओलांडून आलेल्याने घरात शिरण्याआधी आनेकलच्या कुळदेवतेपुढे नारळ ठेवायचा, अशी विठोजींच्या आईची शिकवण होती, आणि आईच्या हयातीत कुळातल्या कोणी समुद्र ओलांडला नसल्यामुळे ती कधी पाळण्याची वेळ आली नव्हती. मालनबाईंना ती पाळायची होती. विठोजींनी हरकत घेतली, की आपण समुद्र ओलांडलेला नाही. त्यात गेलो आणि परत आलो. मालनबाई म्हणाल्या, की देवीपुढे तुमचा कायदा चालायचा नाही. हे ऐकून विठोजींनाही हसू आले. एवढा पल्ला निर्विघ्न पार पडला होता. नेत्रवैद्यांचा युक्तिवाद मनातल्या मनात थोडासा सैल झाला होता. अत्तीबेलेला महामार्ग सोडून त्यांनी गाडी आनेकलच्या रस्त्याला वळवली.

हा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. पण त्यांच्या आठवणीत त्याच्या दुतर्फा नाचणीची शेते होती, आणि आता तिथे कारखान्यांची फाटके होती. कामाची पाळी सुटली होती. माणसे, सायकली, दुचाक्या रस्त्याच्या दोन्ही कडांनी वाहत होत्या. विठोजी समोर पाहत होते, आणि समोरचा रस्ता मोकळा होता.

पत्र्यावर काहीतरी खरवडत गेले. नारळ मालनबाईंच्या पायांपाशी होता तो घरंगळला.

“थांबवा,” मालनबाई म्हणाल्या.

विठोजींनी गाडी थांबवली. “काय झालं?”

मालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. विचारणाऱ्याने खरोखरच विचारले होते.

मागे एक तरुण कामगार सायकलीसकट पडला होता. विठोजी पोचेपर्यंत माणसे जमली. कोणी सायकल उचलली, कोणी पाणी आणले. “कण्णु काणल्वा, सार्?” गर्दीतली एक बाई म्हणाली. डोळ्यांनी दिसत नाही का, हे बेंगळूरूच्या रस्त्यावर कोणीही कोणालाही विचारते आणि उत्तराची वाट पाहत नाही. तिनेही पाहिली नाही.

पडलेल्या तरुणाने उजव्या हाताने डावे मनगट धरून ठेवले होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. भोवतालच्या आरडाओरड्यात तो एकटाच नम्रपणे बोलत होता. पाळी सुटल्यावर मोठ्या माणसांच्या गाडीखाली सापडणे ही त्याला आपलीच चूक वाटत असावी.

“नाने सडन्नागि बंदे, सार्,” तो म्हणाला. मीच एकदम आलो.

ते वाक्य विठोजींनी हजार वेळा ऐकले होते. मार लागलेल्याच्या तोंडून कधीच नाही.

आनेकलच्या एका लहान इस्पितळात त्याला रिक्षाने नेले. विठोजींनी गाडी रस्त्याच्या कडेलाच सोडली आणि ते दुसऱ्या रिक्षाने मागोमाग गेले. मनगटाचे हाड चिरले होते. तो यंत्रावर सुटे भाग जोडण्याचे काम करत असे. त्याला दोन्ही हात लागत. प्लास्टर सुकेपर्यंत त्याने दोनदा विचारले, की सार् कारखान्यात काही कळवणार तर नाहीत ना. विठोजी नाही म्हणाले, आणि उपचारांचा सारा भार आपला, एवढेच पुढे म्हणू शकले. यशोवर्धनला दूरध्वनी करून बोलावून घेतले. अण्णा, दमला असाल, तुम्ही बसून राहा, मीच येऊन गाडी नेतो, असे तो म्हणाला.

इस्पितळाच्या ओट्यावर एक बाक होता. दोघे त्यावर बसून राहिले. मग मालनबाई बोलू लागल्या.

“मी पाहिला होता हो त्याला. फाटकातून निघाल्यापासून दिसत होता. कडेकडेने येत होता आपल्याकडे. ओठांवर आलं होतं. म्हटलं, बोलले तर चिडाल. सकाळीच कबूल केलं होतं ना मी. एवढ्या प्रेमानं पुढे बसवलंत, म्हटलं, आज तरी नको.”

दोष कोणाचा, हे ठरवण्यात विठोजींचे आयुष्य गेले होते. इथे दोन माणसे आपण होऊन विठोजींचा दोष आपल्या अंगावर घेत होती, आणि त्यांनी तोंड उघडले नसते तर दोन्ही जबान्या बिनविरोध मान्य झाल्या असत्या. तो मुलगा घरी जाऊन सांगणार होता, की मीच एकदम आलो. आणि ही बाई मरेपर्यंत स्वतःला सांगत राहणार होती, की मी बोलले नाही.

“डावीकडचं मला दिसत नाही,” ते म्हणाले. “उन्हाळ्यापासून. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आहे.”

मालनबाईंनी मान हलवली नाही. आतून कोणी परिचारिका नाव पुकारत होती. समोरच्या दुकानदाराने फळी उचलून दिवा लावला. विठोजींना वाटले, त्यांनी ऐकलेच नाही. पण त्यांनी ऐकले होते आणि सकाळपासूनचा रस्ता त्या मागे मागे जात तपासत होत्या: वेल्लोर, महामार्ग, त्याआधी बंदर.

“म्हणून मला पुढे बसवलंत?”



“हो,” ते म्हणाले.

मालनबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

यशोवर्धन आला, त्या तरुणाला घरी पोचवण्याची व्यवस्था केली, आईला पाणी दिले, वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. अशा रस्त्यांवर कोणाचाही अपघात होतो, अण्णा, असे तो म्हणाला. विठोजी त्याला सगळे सांगणार होते. वाटेत सांगू, असे त्यांनी ठरवले. वाटेत यशोवर्धनला कचेरीतून सतत दूरध्वनी येत राहिले. आनेकलला आले होते तरी देवीकडे कोणी गेले नाही. कोणाला आठवलेही नाही.

बेळ्ळंदूरच्या आवारात एका माणसाने विजेरी घेऊन गाडीची तपासणी सुरू केली. चेन्नईच्या तरुणाने पाठवलेली छायाचित्रे त्याच्या हातातल्या फोनवर होती, आणि गिऱ्हाईक फार वाद घालते, ही सूचनाही बहुधा छायाचित्रांबरोबरच आली असावी. कारण तो आधीपासूनच सावध स्वरात बोलत होता. डाव्या अंगाला, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, लांब ओरखडा होता. हा छायाचित्रांत नाही, तो म्हणाला, आणि उत्तराच्या तयारीने उभा राहिला.

“तो माझा,” विठोजी म्हणाले.

कसा झाला, ते लिहावे लागते, असे माणसाने सांगितले. कोणी अचानक आले का? बहुतेक जण तसेच सांगतात, तेवढे पुरते.

“नाही,” विठोजी म्हणाले. “तो येत होता. मला दिसला नाही.”

यशोवर्धनने चमकून वडिलांकडे पाहिले, मग आईकडे. मालनबाई आवारापलीकडच्या तळ्याच्या काळोखाकडे पाहत होत्या. माणसाने विजेरी गाडीच्या आत फिरवली, आसनाखाली हात घालून नारळ बाहेर काढला आणि हा कोणाचा, असे विचारले. मालनबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

मल्लेश्वरमला जायला भाड्याची मोटार आली. यशोवर्धन चालकाशेजारी बसला. मालनबाईंनी मागचे दार उघडले, आत बसल्या आणि नारळ मांडीवर धरला. विठोजी दुसऱ्या बाजूने येऊन बसले. मोटार रिंगरोडच्या गर्दीत शिरली. मालनबाई त्यांच्या डाव्या हाताला होत्या. मान पुरती वळवल्याशिवाय त्या तिथे आहेत की नाहीत हे विठोजींना कळत नव्हते, आणि त्या काही बोलत नव्हत्या.