टेपचा दोष

खुर्चीवरून उठताना ताईचा तोल गेला. तिने नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. एवढ्याशा धक्क्याने हाड मोडतं कसं, हेच मला कळेना.

"हाडं आतून विरळ झाली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उंची कमी झालीय, पाठीला बाक आलाय, हे लक्षात आलं नाही का?"

"माझ्या बहिणीला विचारा," ताई म्हणाली. "माझे गाऊन हीच शिवते. हल्ली सगळे पुढून जमिनीवर लोळतात. जन्म गेला शिवण्यात, अजून हात बसला नाही हिचा!"

अक्षरं मी पन्नाशीनंतर शिकले, सुनेकडून. तेव्हापासून मापं वहीत लिहिते. ताईचं पान तोंडपाठ होतं. खांद्यापासून घोट्यापर्यंत एक्कावन्न इंच, मग पन्नास, मग साडेएकोणपन्नास. जुनी टेप ताणते आणि माप कमी भरतं, हे कुठल्याही शिंप्याला ठाऊक असतं. म्हणून मी दर वेळी टेप बदलली. बाकी गिऱ्हाइकांची मापं बरोबर येत होती, तरी दोष टेपलाच दिला आणि ताईचे गाऊन जुन्याच एक्कावन्नावर कापले.

"तुमच्या आईचं कधी हाड मोडलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"खुबा. न्हाणीत पडली होती. पण म्हातारपणी मोडायचंच की!"

"मोडायलाच हवं असं नाही. वेळेत कळलं तर उपाय असतात. तुम्हीही तपासून घ्या, आजी."

"मला कुठे काय दुखतंय?"

"यांना तरी कुठे दुखत होतं?"

घरी आले ती डोक्यात गोंधळ घेऊनच. न दुखणारं दुखणं ओळखायचं कसं? वहीत माझंही सहा वर्षांपूर्वीचं माप होतं, बावन्न. सुनेच्या हातात टेप दिली आणि भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहिले.

"पन्नास, आई."

"पुन्हा घे. टेप ताणली असेल."

"कालच तर नवी आणलीत तुम्ही!"

मी टेप उलटीसुलटी करून पाहिली. पुन्हा ताठ उभी राहिले, श्वास रोखून. पन्नासच.

बावन्नच्या खाली पन्नास लिहिलं आणि ताईला फोन लावला.

"गाऊन पाठवून दे, पुढून कापते. शिलाई बरोबर होती माझी."

"मग चुकलं काय?"

"ते नंतर सांगते. आधी त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे."