चपलेचं टोक

गुडघ्यावर गुडघा टाकून तो बसला की वरच्या पायातली चप्पल हलायची. हलायची म्हणजे किती, तर टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर जायचं आणि खाली यायचं. गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीवर दाब येतो, प्रत्येक ठोक्याला पाऊल जरासं उचललं जातं. लग्न नवीन असताना तिला ते पहिल्यांदा दिसलं, तेव्हा ती हसत सुटली होती. "अहो, तुमचं काळीज पायात आहे!"

ती चष्म्याच्या काचा घासायचं काम करायची. केसाएवढा फरकही डोळ्याला खुपायची सवय. तो टॉवर क्रेन चालवायचा. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये दिवसभर एकटा. आणि खाली, त्याच्या हुकाच्या सावलीत उभा राहून हातांनी इशारे द्यायचा तिचा धाकटा भाऊ. तोंडात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्ट्याच म्हणायचे.

त्यांच्या घरातही निम्मं बोलणं त्या इशाऱ्यांतच चालायचं. टीव्हीचा आवाज वाढवायला अंगठा वर. चहा बेताने ओतायला एका हातावर दुसऱ्याचा तळवा धरायचा, म्हणजे 'हळू'. दोन्ही हात आडवे पसरून तळवे जमिनीकडे करून हलवायचे, म्हणजे 'थांब'. हा एक इशारा मात्र घरात कुणी चेष्टेत करायचा नाही, असा त्याचा दंडक होता. साईटवर बाकीचे इशारे फक्त शिट्ट्याने द्यायचे. 'थांब' कुणीही द्यावा, रस्त्यावरच्या परक्यानेसुद्धा. वरच्याने आधी थांबायचं, का ते मागून विचारायचं.

त्याच्या हृदयाचा ताल बिघडला तेव्हा क्रेनवर चढणं बंद झालं. डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून आतला नाठाळ भाग भाजून काढला. काही महिन्यांनी ताल पुन्हा सुटला, पुन्हा नळी, पुन्हा भाजणं. दुसऱ्या वेळेनंतर तो घरी आला तो मांडीवर हातभर काळंनिळं घेऊन. ते आधी जांभळं, मग हिरवट, मग पिवळं होत गेलं. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे दाढी करताना लागलं की रक्त थांबता थांबायचं नाही. "पाण्याची बादली उचलू नका," ती म्हणायची. "टनावारी माल उचलणारा माणूस मी," तो कुरकुरायचा, आणि मुकाट्याने बाजूला व्हायचा. ते मुकाट्याने बाजूला होणंच तिला बघवायचं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "पहिले तीन महिने ठोके अधूनमधून चुकतील. घाबरू नका. त्यानंतर चुकले, तर मात्र मला कळवा."

तीन महिने सरले. चप्पल शहाण्यासारखी एका लयीत हलत होती. मग एका दुपारी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, तिचं लक्ष गेलं. टोक दोनदा हललं, थांबलं, मग घाईघाईने तीनदा, मग एकदा इतकं पुसट की हललं की नाही कळेना. तिच्या हातात टॉवेल तसाच राहिला. त्याने वर पाहिलं. तिची नजर कुठे आहे ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो दोन्ही पावलं जमिनीला टेकवून बसू लागला, शाळेतल्या मुलासारखा.

कामावर परतण्याआधी दिवसभर छातीला यंत्र लावून काढलेला आलेख नेमका चांगला आला. डॉक्टरांनी विचारलं, "काही जाणवतं का?"

"काही नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरचं हृदयाचं चित्र पाहत राहिली. काय बोलणार? वर तो होता तोवर तो कुणीतरी होता. खाली त्याला सगळे हाताला धरून रस्ता ओलांडायला लावत होते. ते वर जाणं हिसकावून घ्यायला तिची जीभ रेटेना. आणि न बोलावं, तर हुकाखाली उभा असलेला भाऊ तिच्या पाठचा होता. कामावर काच घासताना तिचा हात दोनदा चुकला. असं कधी झालं नव्हतं.

रविवारी शिट्ट्या संत्र्यांची पिशवी घेऊन हजर झाला.

"दाजी, साहेबांनी हो म्हटलंय! उद्यापासून तुम्ही वर. सुटलो बाबा. तो नवा माणूस माल उतरवतो की टाकून देतो तेच कळत नाही. काल हूक माझ्या हेल्मेटला रामराम घालून गेला."

"तू मध्ये कशाला कडमडतोस?"

"मध्ये नाही, खाली. खालीच असतो मी. ताई, ऐकतेस ना? दाजी वर असले की मी मान वर न करता चालतो. अख्ख्या साईटवर एवढी चैन कुणाला नाही."

तिचा नवरा हसला. संत्र्याची साल काढू लागला.  पावलं जमिनीला घट्ट चिकटलेली.

"ताई, तू का गप्प? नवरा परत कामाला लागतोय, गोड मानून घे."

"दाजी तुझे फिट आहेत का, ते विचार त्यांना," ती म्हणाली. 

"फिट म्हणजे काय, एकदम," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उद्या सकाळी मी वर चढलो की पहिला माल—"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. दोन्ही हात आडवे पसरले, तळवे जमिनीकडे केले, आणि हलवले.

तो थांबला. वाक्याच्या मध्येच, इतक्या वर्षांच्या सवयीने. संत्र्याची फोड तोंडाशी तशीच राहिली. शिट्ट्याही हसायचा थांबला. त्या इशाऱ्याला हसत नाहीत.

"काय झालं?" शिट्ट्याने विचारलं.

ती हात खाली घेईना. खांदे दुखायला लागले तरी घेईना.

त्याने फोड ताटात ठेवली. तिच्याकडे पाहिलं, आधी रागाने, मग नुसतंच. मग सावकाश डावा पाय उचलला आणि गुडघ्यावर गुडघा टाकून बसला.

"शिट्ट्या, चपलेकडे बघ."

"चपलेकडे?"

"बघ म्हटलं ना."

शिट्ट्या वाकला. माल लोंबताना बघावा तसा बघत राहिला, पापणी न हलवता. टोक हललं, हललं, थांबलं. मग धडपडल्यासारखं भराभर हललं. पुन्हा थांबलं. ताईची 'काळीज पायात' ही थट्टा त्यालाही ठाऊक होती.

"दाजी... हे कधीपासून?"

"तुझ्या ताईला विचार. तिला माझ्या आधी कळलं."

 तिने हात खाली घेतले. त्याने चपलेकडे एकदा पाहिलं, खिडकीतून दूर दिसणाऱ्या क्रेनच्या आडव्या हाताकडे पाहिलं.

"शिट्ट्या, उद्या साहेबांना तूच सांग, मला सांगायला जमायचं नाही. मी पुन्हा वर चढणार नाही."