गोड पाण्याचा नळ

देल्फिना चार वर्षांची असताना रुफिना जन्मली, आणि तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की आईच्या तोंडी एकच वाक्य: "तू मोठी ना?" रुफिनाने भर प्रवचनात चर्चमध्ये गिनीपिगं सोडली, कान देल्फिनाचा पिळला गेला. रुफिनाने मास्तरांच्या टोपीत कच्चं अंडं ठेवलं, मास्तरांनी टोपी घातली, माफी देल्फिनाने मागितली. तेवढ्यात रुफिना गालाला खळी पाडून शेजारणीकडून गोड पाव मिळवून आलेली असायची.

त्या वर्षी निवडणूक तोंडावर आली, तसा नगराध्यक्ष तेओफिलोसाहेबांना गावाच्या तहानेचा कळवळा आला. डोंगरातला झरा थेट चौकात आणायचं ठरलं. नळ आला, नळावर साहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी आली. झरा मात्र डोंगरातच राहिला. मग उद्घाटनाच्या मंचामागे पडदा बांधून एक पिंप ठेवलं, ओढ्याचं पाणी बादल्यांनी त्यात ओतलं आणि नळाची नळी पिंपाला जोडली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण समारंभानंतर फुकट जेवण होतं, म्हणून कुणी ब्र काढला नाही. सैपाक देल्फिनाच्या आईकडे होता. जांभळ्या मक्याची, दालचिनी घातलेली चिचा, म्हणजे गोड सरबत, हंडे भरभरून तिने पडद्यामागे, पिंपाशेजारीच ठेवली होती.

देल्फिनाला साहेबांना गुच्छ द्यायचा होता आणि त्यांच्यावरची कविता म्हणायची होती. "आणि रुफिनाचा हात सोडलास तर बघ!" आईने बजावलं. पण गुच्छ दोन्ही हातांनी द्यायचा असतो. तो देऊन वळते, तो रुफिना गायब.

साहेबांचं लांबलचक भाषण झालं, बँड वाजला, नळ फिरला. गर्द जांभळी धार लागली.

एका म्हातारीने गुडघेच टेकले. "चमत्कार!"

पाद्रीबाबांनी बोट बुडवून चाखलं. "साखर जरा कमी पडलीय," ते म्हणाले.

मग काय, लोक मिळेल ते भांडं घेऊन तुटून पडले. धार आटली तशी मंडळी नळीचा माग काढत मंचामागे गेली. पडदा सरकला. रिकाम्या हंड्यांमध्ये रुफिना बसलेली, ओठ जांभळे.

"कुणाची कार्टी ही?" साहेब गरजले.

"पाण्यात बेडकाची पिल्लं होती," रुफिना म्हणाली. "पाहुण्यांना असलं पाणी देतात का? मी ओतून टाकलं."

"देल्फिना!" आई किंचाळली. "तू मोठी ना?"

लोक खुदखुदू लागले. साहेबांनी घाम टिपला. "कविता! ए मुली, कविता म्हण लवकर!"

देल्फिनाने साहेबांकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं. आजवर तिने धाकटीच्याच खोड्यांचा मार खाल्ला होता. तिने घसा खाकरला, पिंप उपडं केलं, त्यावर चढली आणि एकेक शब्द ठासून म्हणाली:

"डोंगर फोडून आणला झरा,
तेओफिलोबाबा दाता खरा!"

सगळा चौक हसून लोळला. तुतारीवाल्याला फुंकताच येईना.

"ताई, पुन्हा म्हण!" रुफिना टाळ्या पिटत ओरडली.

ताईने पुन्हा म्हटली.

घरी मार दोघींनाही पडला. पण आपल्या स्वतःच्या कमाईचा मार देल्फिनाला पहिल्यांदाच मिळत होता, आणि तो तिला मुळीच लागला नाही. निवडणूक साहेबच जिंकले, कारण समोरचा उमेदवार त्यांचा मेहुणा होता. पाणी काही आलं नाही. पण कुणी पुन्हा नळाची नासाडी करू नये म्हणून त्याला भलं मोठं कुलूप लागलं, आणि पहाऱ्यावर मेहुण्याची नेमणूक झाली.