उत्कर्षाची कागदी गोधडी

मी पुतळाबाई. गाव पळसदेव, नोकरी इंदापूरच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थेटरात मावशी. एकोणीस वर्सं झाली. एवढी लेकरं या हातांनी पुसली, म्हणून कुणी मला शिकवाय लागलं की माझं डोकं फिरतं. त्यात आता बारामतीहून येणाऱ्या भूलवाल्या अंजली मॅडम. वयानं माझ्या लेकीएवढ्या, बोलणं गोड, पण मुद्दा सोडत न्हाईत.

मॅडमनी एक मशीन आणलंय. पेटीतली गरम हवा नळीनं एका कागदी गोधडीत जाती आन गोधडी भाकरीवाणी टम्म फुगती. सिझरच्या बाईला ती अर्धा तास आधीच घालायची. कमरेत भूल दिली की अंगातली ऊब पायाकडं उतरती आन बाई गारठती, म्हणून आधीच ऊब भरून ठेवायची, असं मला दोनदा समजावलं. म्या मान हलवली. ऐकलं या कानानं, सोडलं त्या कानानं.

त्या सकाळी उत्कर्षा आली. वालचंदनगरच्या क्वार्टरमधली, दुसरं सिझर. पहिल्या बारीला टेबलावर तिला असं कापरं भरलं की दात वाजत व्हते. लेक लांबनं दाखवली आन नेली, जवळ मिळाली ती दोन तासांनी. ते काय तिच्या मनातनं गेलं न्हवतं.

माझा हात धरून म्हणाली, "मावशी, या बारीला बाळ लगेच माझ्या अंगावर द्या. मला त्याला न थरथरता धरायचंय."

मॅडमनी तिला शब्द दिला, पण अट घालून. अंग गरम राहिलं तर बाळ छातीवर. कापरं भरलं तर न्हाय, बाळ पण गार पडंल.

गोधडी लावून मॅडम दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजून काढतंय, आन हितं पोटुशी बाई गरम हवेत. मला काय ते पटंना. आमच्याकडं पोटुशीला उष्ण चालत न्हाय. पपई न्हाय, तीळ न्हाईत. शेकशेगडी सगळं बाळंत झाल्यावर. उत्कर्षाच्या कपाळावर घाम दिसला आन माझा जीव तुटला. म्या मशीनचं बटण बंद केलं, एसी वाढवला, वर कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ती पण म्हणाली, बरं वाटलं. घ्या आता.

मॅडम आल्या, थर्मामीटर लावला. पारा सत्त्याण्णवच्याही खाली. मशीन कुणी बंद केलं, विचारलं. मी, म्हणलं. आता आपली बिनपाण्यानं होणार, अशी तयारीच केली. पण मॅडम ओरडल्या न्हाईत.

"मावशी, बाळंतिणीला तुमी जी ऊब देता, तीच हितं आधी द्यायची. हिला आत्ताच बाळंतीण समजा."

एवढंच. माझ्या डोक्यात तवा कुठं उजेड पडला. उत्कर्षाकडं बघितलं, तर ती छताकडं बघत व्हती आन पाणी डोळ्यातनं कानाकडं चाललेलं. तिनं एकच मागणं मागितलं व्हतं, तेच म्या मोडलं. स्वतःचा असा राग मला कधी आला न्हवता.

मॅडम म्हणाल्या, अर्धा तास थांबू, पुन्हा ऊब देऊ, आन ऑपरेशनला एसी कमी ठेवू. सर्जन राजवर्धन सर तापले. त्यांना खोली गारच पायजे. घाम आला की त्यांचं डोकं चालत न्हाय म्हणे. मग मीच पुढं झाले. म्हणलं, चूक माझी हाय, तिला भोगाय लावू नका. घाम आला तर मी पुसते. आन एसीचा रिमोट खिशात घातला. एकोणीस वर्सांत सरांपुढं पहिल्यांदा तोंड उघडलं.  सर म्हणाले, बरं, पुसा.

त्या अर्ध्या तासात म्या हौस फेडून घेतली. गोधडी गळ्यापर्यंत, पायात लोकरीचे मोजे, डोक्याला फडकं, सलाईनच्या बाटल्या कोमट. उत्कर्षा हसाय लागली, म्हणाली, मावशी, मला उकडून खाताय का? म्हणलं, गप पड.

ऑपरेशन सुरू झालं. सर घामानं निथळत व्हते, मी पुसत व्हते, आन माझं सगळं ध्यान उत्कर्षाच्या बोटांवर. बोटं शांत व्हती. बाळ बाहेर आलं, असं ठणठणीत रडलं की सर पण हसले. पोरगा. मॅडमनी थर्मामीटर बघितला, साडेअठ्ठ्याण्णव. त्यांनी बाळ उचललं, उत्कर्षाच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आन गोधडी दोघांवर ओढली.

तिनं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. पोरगं रडायचं गपकन थांबलं.

"मावशी," ती म्हणाली, "बघा, हात हलत न्हाय."

मी कसलं बघतीय. मास्क डोळ्यातल्या पाण्यानं चिंब झाला व्हता, सर घाम पुसा म्हणून दोनदा म्हणाले, आन माझेच हात असे थरथरत व्हते की फडकं काय त्यांच्या कपाळापर्यंत जाईना.