सशाचा सोनेरी कान

के. आर. पुरमला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुप्रीता मातीकाम शिकवायची. मूळची निपाणीची, लग्न होऊन बेंगळुरूला आली आणि इथलीच झाली. कप, बशा, कुंड्या तिच्या हातून सहज उतरत. जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. आठशे वर्षांपूर्वी इराणातल्या काशान गावचे कुंभार पांढऱ्या झिलईवर तांब्या-चांदीच्या क्षारांच्या लेपानं नक्षी काढत, भांडं पुन्हा धुरात भाजत, आणि मातीच्या वाडग्यावर सोन्याची झळाळी उमटे. सुप्रीताला ती कधी साधली नाही. एकदा नक्षी उडून जाई, एकदा काळीठिक्कर पडे.

वीणा पुण्याची, महादेवपुऱ्यात आयटीत नोकरीला. रविवारी शिकायला यायची. हात अजून बसला नव्हता. चाकावर वाडग्याची कड वाकडी झाली की स्वतःच खदखदून हसायची.

"ताई, मीपण ते काशानचं ट्राय करू?"

"कर की," सुप्रीता म्हणाली. मनात म्हणाली, बघू या.

वीणानं कुठंकुठं वाचून लेप घरीच खलून आणला. वाडग्यात कडेनं वेली-पानं आणि मधोमध ससा काढला. ससा कमी, उंदीर जास्त.

दोघींचे वाडगे एकाच भट्टीत लागले. भट्टी निवल्यावर सुप्रीतानं एकटीनंच दार उघडलं. दोन्ही वाडग्यांवर करपलेल्या लेपाचा काळा थर होता. तो घासल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही. तिनं आपला वाडगा अंगठ्यानं चोळला. मळकट तपकिरी डाग. मग वीणाचा घेतला, सशाच्या कानावरून बोट फिरवलं. कान सोन्याचा झाला होता.

या पोरीला? जिला धड कड ओढता येत नाही, तिला?

तेवढ्यात वीणा आत आली. "आलं का हो ताई?"

सुप्रीतानं कानावर अंगठा तसाच दाबून धरला. "नाही गं. दोघींचंही गेलं."

वीणाचा चेहरा पडला. पण लगेच म्हणाली, "पहिलाच होता माझा. टाका फोडून, कुंडीत तुकडे घालायला होतील." आणि ती निघून गेली.

सुप्रीतानं दार लोटून घेतलं आणि वाडगा घासायला बसली. वेली उजळल्या, पानं उजळली, तो वेडाविद्रा ससा खिडकीतल्या उन्हात झगझगू लागला. फोडावा म्हणून तिनं हातोडीही घेतली. हात उठेना.

उमाकांत कॉफी घेऊन आला तो दारातच थबकला. बायकोचे सगळे फसलेले वाडगे त्यानं पाहिले होते. "सुप्रीता! साधलं की गं तुला!" त्याचे डोळे भरून आले. "थांब, तुझ्या आप्पाजींना फोटो पाठवतो. निपाणीत सगळ्यांना दाखवतील."

हे वाक्य ऐकायला तिनं किती वर्षं वाट पाहिली होती! आता ते ऐकवेना.

"नको पाठवू. माझा नाही तो," ती म्हणाली. "वीणाचा आहे."

सुप्रीतानं फोन केला, तशी संध्याकाळी वीणा रिक्षानं आली. वाडगा हातात घेऊन ती नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण सकाळी तुम्ही म्हणालात, गेलं."

"खोटं बोलले. बघवलं नाही मला."

वीणा ओढणीत वाडगा गुंडाळू लागली. सुप्रीताला गप्प बसायचं होतं, पण आतली आग गप्प बसू देईना.

"लेपात काय घातलं होतंस गं? चांदी जास्त घेतलीस का?"

वीणानं ओढणीला गाठ मारली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ते मी नाही सांगणार, ताई."

फाटक वाजलं, रिक्षा निघून गेली. उमाकांतनं पुन्हा कॉफी करून आणली, पण सुप्रीता चाकावर बसली होती. मातीचा गोळा तिनं असा दाणकन आपटला, की उमाकांत कप घेऊन तसाच मागे फिरला.