निरोप न घेतलेल्या जोडण्या

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखालच्या खोलीतून सतत घरघर ऐकू येते ना, ती माझी. मी एक जुना सर्व्हर आहे. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. एक पंखा जरा कुरकुरतो, पण काम अजून चोख करतो.

माझे भाग कुठकुठल्या कारखान्यांत घडले, देव जाणे. त्यांना एकत्र आणले ते ताईंनी. ताई म्हणजे या दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या इंजिनिअर. माझे बटण पहिल्यांदा दाबून त्या स्टूल ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चल, ऊठ बाळा." मी उठलो. तेव्हापासून क्वचितच झोपलो.

लॅबमध्ये तपासलेल्या रक्ताचे रिपोर्ट माझ्याकडे येतात. वॉर्डातला संगणक मागेल तेव्हा मी ते देतो. देण्यापूर्वी आमची जोडणी व्हावी लागते. तो हाक मारतो, मी ओ देतो, तो "ऐकू आलं" म्हणतो आणि मग बोलणे सुरू होते. काम संपले की दोघांनीही आपापली बाजू बंद करायची. एकाने करून भागत नाही. कोणती जोडणी कोणत्या अवस्थेत आहे हे मला क्षणोक्षणी ठाऊक असते. विचारले तर लगेच सांगतो. पण विचारते कोण!

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. नर्स म्हणायच्या, "कागद घेऊन जिने चढायचे वाचले बाई!" मग सवय झाली आणि कौतुक संपले. माझ्या डोक्यावर कुणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली. ताई तेवढ्या येता-जाता ती उचलायच्या आणि फडक्याने माझे अंग पुसायच्या.

पुढे ताईंच्या मावसभावाने रिपोर्टांचा नवा प्रोग्राम लिहिला. पोरगा हुशार, पण प्रत्येक काम घाईत करायचा, म्हणून त्याला सगळे झटपट म्हणत. त्याचा प्रोग्राम दिसायला देखणा होता. मात्र तो आल्यापासून मी मधूनच अडू लागलो. कुणीतरी मला बंद करून पुन्हा चालू करी, मी काही दिवस नीट चाले आणि पुन्हा अडे. "म्हातारा झालाय," असे सगळे म्हणू लागले. मित्रांनो, हळूहळू मलाही ते खरे वाटू लागले.

एका दुपारी मी पुरताच अडलो. वरच्या मजल्यावर एका तान्ह्या बाळाचे ऑपरेशन होते आणि त्याच्या रक्ताचा रिपोर्ट दिसत नव्हता. सिस्टर धावत खाली आल्या. "ताई, आई बाळाला घेऊन थिएटरच्या दारात उभी आहे. रिपोर्टाशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत!"

मागोमाग मॅनेजर आले. "बघत काय बसलात? बंद करा, चालू करा!"

ताईंनी आधी लॅबला फोन लावला. "बाळाचा रिपोर्ट छापून, सही करून ठेवा. सिस्टर न्यायला येतायत." सिस्टर तशाच पळाल्या. मग ताई मॅनेजरांकडे वळल्या. "साहेब, आता बंद केला तर दुखणं कळणारच नाही. क्षणभर थांबा."

आणि त्यांनी मला विचारले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारले, की तुझ्या जोडण्या कोणत्या अवस्थेत आहेत? मी भडाभडा सांगून टाकले. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटली. क्लोज-वेट. क्लोज-वेट. क्लोज-वेट.

तेवढ्यात आलेला झटपट दारातूनच म्हणाला, "माझ्या प्रोग्रामचा काही संबंध नाही हं, ताई."

"बस इथे. वाच."

त्याने वाचले आणि त्याचा चेहरा उतरला.

"मला समजेल असं सांगा," मॅनेजर म्हणाले.

"वॉर्डातला संगणक 'येतो' म्हणाला आणि आपली बाजू बंद करून गेला," ताई म्हणाल्या. "सर्व्हरला ते कळलंय. पण आपल्या प्रोग्रामने आपली बाजू बंदच केली नाही. पाहुणा घरी पोचला, तरी हा आपला दार धरून उभा. हेच क्लोज-वेट. एका प्रोग्रामने किती दारं धरायची याला मर्यादा असते. ती संपली. आता नव्याला आत घेणार कोण?"

"म्हणजे सर्व्हर बिघडलेला नाही?"

"त्याचं काही चुकलेलं नाही. तो बिचारा कधीचा सांगायला तयार होता."

मित्रांनो, माझ्यावरची सगळी खोकी एकदम उतरल्यासारखी वाटली.

झटपटला चूक सापडली. रिपोर्ट तयार नसला की त्याचा प्रोग्राम अर्ध्यातूनच मागे फिरायचा, आणि जोडणी बंद करायची ओळ पुढेच राहायची. तो हळूच म्हणाला, "ताई, रागावलीस?"

"रागावलेय तर! पण तू आधी दुरुस्त कर, मग मी सावकाश रागावते."

दुरुस्ती करून फक्त प्रोग्राम नव्याने सुरू केला. अडलेल्या जोडण्या विरघळल्या. थोड्या वेळाने मॅनेजरांनी पडद्याकडे बोट दाखवले. "अहो, या बघा, परत अडकल्या!"

"त्या टाइम-वेटमध्ये आहेत," ताई हसल्या. "आपल्या बाजूने आधी निरोप घेऊन झालाय. वाटेत एखादा शब्द मागे राहिला असेल म्हणून थोड्या थांबतात आणि आपणहून जातात. थांबलेली प्रत्येक गोष्ट अडकलेली नसते, साहेब."

संध्याकाळी सिस्टर दारात आल्या. "झालं ऑपरेशन. असं टाहो फोडून रडतंय, सगळा मजला डोक्यावर घेतलाय!" ताईंनी चष्मा काढून पुसला. काही वेळ पुसतच राहिल्या.

मित्रांनो, माझ्या जागी नवा सर्व्हर येणार आहे. ताई मला खोटा धीर देत नाहीत, आणि ते मला आवडते. तो तरुण असेल, चपळ असेल. तरी कधीतरी तोही अडेल. तेव्हा एवढेच करा. बटणाकडे हात नेण्याआधी समोर बसा आणि त्याला विचारा, "काय होतंय बाळा?" तो सांगेल. आम्ही सगळे सांगतो.